गॅमा किरण स्फोट आणि अतिनवतारे: इंदूरच्या मराठी मंडळींनी विचारलेले प्रश्न

इंदुरात आकाशदर्शनाला आणि व्याख्यानांना मराठी मंडळी जमतात, तेव्हा कृष्णविवरांच्या खालोखाल प्रश्न येतात ते या विषयावर. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं असतात आणि निवृत्त इंजिनियर काकाही, त्यामुळे खालची उत्तरं कुठे सोपी आहेत तर कुठे जरा खोलात शिरणारी. घाई असेल तर पहिलं उत्तर वाचून थांबलात तरी चालेल. पण जमलं तर 'दोन सेकंदांच्या नियमा'चं उत्तर जरूर वाचा. गेल्या वीस वर्षांत या विषयाची समज सगळ्यात जास्त तिथेच बदलली आहे.

गॅमा किरण स्फोट आणि अतिनवतारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच?

बहुतेक दीर्घ गॅमा किरण स्फोटांच्या बाबतीत एकच. एक फार जड तारा कोसळतो. त्याच्या गाभ्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडतो. तो झोत आपल्या दिशेने असेल, तर काही सेकंद ते काही मिनिटं गॅमा किरणांचा मारा दिसतो. हाच स्फोट. त्याच वेळी उरलेला तारा फुटून चहूकडे फेकला जातो आणि दोन-तीन आठवड्यांत तेजाच्या शिखरावर पोचतो. हा अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. पहिली गोष्ट चहा गाळून होईपर्यंत संपते, दुसरी महिनाभर चालते. दोन्ही एकाच ताऱ्याच्या मरणाच्या खुणा.

हे कळलं कसं?

याला तीस वर्षं लागली. १९६७ साली अमेरिकेचे वेला उपग्रह अंतराळातल्या अणुचाचण्यांवर नजर ठेवून होते. २ जुलैला त्यांनी गॅमा किरणांचा असा एक झटका नोंदवला, जो कुठल्याही अणुबॉम्बच्या नोंदीशी जुळत नव्हता. अशा नोंदी साठत गेल्या आणि १९७३ मध्ये त्या जगापुढे आल्या. मग वाद सुरू झाला की हे स्फोट आपल्या आकाशगंगेत होतात की फार दूर. १९९१ मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने हजारो स्फोट टिपले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी नव्हती. दूरच्या विश्वाकडे बोट दाखवणारा हा पुरावा भक्कम होता, तरी अंतर प्रत्यक्ष मोजलेलं नव्हतं.

१९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहाने २८ फेब्रुवारीच्या स्फोटाची जागा इतकी नेमकी सांगितली की जमिनीवरच्या दुर्बिणींना तिथे विझत जाणारं तेज सापडलं. त्याला उत्तरदीप्ती म्हणतात. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाच्या वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळालेल्या पट्ट्यावरून, अंतर निघालं, आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षांचं होतं.

मग २५ एप्रिल १९९८ चा स्फोट आला. बेप्पोसॅक्सने दिलेल्या छोट्याशा वर्तुळात ईएसओ १८४-जी८२ नावाच्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या एका तारकासमुदायात, एक नवा अतिनवतारा चमकताना दिसला. त्याचं नाव पडलं एसएन १९९८बीडब्ल्यू. अंतर फक्त १२ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. टायटस गालामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध मांडला. रेडिओ निरीक्षणं करणाऱ्या गटात आपले कुरुंदवाडला जन्मलेले, अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतले श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांनी दाखवलं की या अतिनवताऱ्यातलं काही द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळत आहे. असं त्याआधी कुठल्याही अतिनवताऱ्यात दिसलेलं नव्हतं.

तरी बरेच लोक साशंक राहिले आणि त्यांचं म्हणणं अगदी गैर नव्हतं. हा स्फोट नेहमीच्या स्फोटांच्या मानाने साधारण दहा हजार पटीने दुबळा होता. एक विचित्र, दुबळं उदाहरण हातात धरून सगळ्या स्फोटांबद्दल बोलायचं कसं?

उत्तर २९ मार्च २००३ च्या स्फोटाने दिलं. तो होता सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं दूर, सिंह राशीत, आणि ताकदीने अस्सल. त्याची उत्तरदीप्ती विझू लागली तसे साधारण आठवड्याभरात तिच्या वर्णपटात रुंद उंचवटे वर येऊ लागले, थेट १९९८बीडब्ल्यूच्या उंचवट्यांसारखे. दोन वेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या दुर्बिणींनी तेच पाहिलं. या अतिनवताऱ्याला एसएन २००३डीएच म्हणतात. त्यानंतर मूळ संबंधाबद्दल वाद उरला नाही.

नावं अशी आकड्यांची का?

स्फोटाच्या नावात तारीखच असते: वर्ष, महिना, दिवस. ०३०३२९ म्हणजे २००३ चा मार्च, तारीख २९. एका दिवसात अनेक स्फोट झाले तर पुढे ए, बी, सी अशी अक्षरं लागतात. अतिनवताऱ्याला वर्ष आणि पुढे शोधाच्या क्रमाने अक्षरं. म्हणून एकाच घटनेची दोन नावं सापडतात.

इंदूरहून १९९८ चा तो अतिनवतारा दिसला असता का?

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर. तो अतिनवतारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं की मिळणाऱ्या वर्तुळाच्या) ५२.८ अंश दक्षिणेला, धनू राशीच्याही बराच खाली. म्हणजे आपल्या दक्षिण क्षितिजावर तो जास्तीत जास्त साडेचौदा अंश चढणार. मे महिन्यात तो पहाटे चारच्या सुमारास तिथे पोचत असे आणि शिखरावर त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, १४ च्या आसपास होती (हा आकडा जितका मोठा, तितकं तेज मंद). शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कितीही कौतुक केलं तरी मे महिन्यातली क्षितिजाजवळची धूळ अशा मंद तेजाला पुरून उरते. शहरातून अशक्य. जानापावसारख्या उंच, अंधाऱ्या ठिकाणाहून चांगल्या मोठ्या दुर्बिणीने प्रयत्न करता आला असता, इतकंच.

२००३ च्या स्फोटाची गोष्ट उलटी. तो विषुववृत्ताच्या साडेएकवीस अंश उत्तरेला होता, म्हणजे इंदूरच्या जवळपास डोक्यावरून जाणारा. स्फोट झाला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून सात मिनिटं झाली होती. अंधार पडला तेव्हा उत्तरदीप्ती १३ व्या प्रतीच्या आसपास होती आणि सिंह रास पूर्वेकडून वर चढत होती. घरगुती मोठ्या दुर्बिणीच्या आवाक्यातली २०० कोटी वर्षं जुनी घटना! अशी संधी क्वचित येते.

साध्या अतिनवताऱ्यापेक्षा हे वेगळे कसे?

दोन गोष्टींनी. पहिली, यांच्या वर्णपटात हायड्रोजन नाही आणि हेलियमही दिसत नाही. म्हणजे मरायच्या आधीच ताऱ्याने वरचे थर उतरवून टाकलेले असतात. काही ताऱ्यांच्या बाबतीत त्यांचाच जोरदार वारा हे करतो, काहींच्या बाबतीत जोडीचा तारा ते थर ओढून घेतो. उरतो तो कार्बन आणि ऑक्सिजनचा गाभा. दुसरी, वर्णपटातल्या रेषा इतक्या रुंद की एकमेकींत मिसळून जातात. रेषा रुंद म्हणजे द्रव्य प्रचंड वेगाने पसरतंय, सेकंदाला २० ते ३० हजार किलोमीटर. साध्या अतिनवताऱ्यात हा वेग १० हजारांच्या घरात असतो. वेग दुप्पट-तिप्पट झाला की ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढते, म्हणून या अतिनवताऱ्यांची गतिज ऊर्जा नेहमीच्या दहापट भरते. शास्त्रज्ञ यांना 'रुंद रेषांचा आय-सी प्रकार' म्हणतात. बोहदान पाचिन्स्की यांनी 'हायपरनोव्हा' हा शब्द वापरला, तो वर्तमानपत्रांत जास्त रुळला.

ताऱ्याच्या आत नेमकं काय घडतं?

सगळ्यात मान्य चित्र स्टॅन वूझली यांनी १९९३ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये अँड्र्यू मॅकफॅडेन यांच्याबरोबर संगणकावर तपासलं. त्याला कोलॅप्सार म्हणतात. जड ताऱ्याचा लोखंडी गाभा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो आणि मधे कृष्णविवर तयार होतं. तारा जोरात फिरत असेल तर बाहेरचं द्रव्य सरळ आत पडू शकत नाही. त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, त्याला अडवतो, आणि कृष्णविवराभोवती तापलेली, दाट तबकडी बनते. तिथून अक्षाच्या दोन्ही दिशांना झोत सुटतात.

या झोताला तारा फोडून बाहेर यायचं असतं, आणि माझ्या मते सगळ्या कहाणीचा कस इथेच लागतो. वरचे थर उतरवलेला तारा आकाराने लहान असतो, सूर्याच्या आसपासचा. झोताला तो पार करायला साधारण दहा सेकंद लागतात. आतलं इंजिन तेवढा वेळ चालू राहिलं तर झोत बाहेर येतो आणि गॅमा किरण दिसतात. त्याआधीच बंद पडलं तर झोत आतच गुदमरतो. ताऱ्याभोवती हायड्रोजनचं जाड आवरण शिल्लक असेल तर झोताला बाहेर पडायची जवळपास आशाच नाही. म्हणूनच असे स्फोट हायड्रोजन आणि हेलियम गमावलेल्या ताऱ्यांतून येतात. वर्णपटात जे दिसत नाही, त्यानेच झोताला वाट करून दिलेली असते.

कृष्णविवराऐवजी अतिशय चुंबकीय, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा (कोसळलेल्या ताऱ्याचा अतिदाट गोळा), म्हणजे मॅग्नेटार, हेही इंजिन असू शकतं. डिसेंबर २०११ मधला एक स्फोट कित्येक तास चालला, आणि त्यामागून आलेला एसएन २०११केएल हा अतिनवतारा १९९८बीडब्ल्यूपेक्षाही बराच तेजस्वी होता. नुसत्या किरणोत्सारी निकेलने (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) तो हिशेब जुळत नाही. मॅग्नेटारने जुळतो. प्रत्येक वेळी इंजिन कोणतं, यावर आजही काम चालू आहे.

अतिनवतारा इतके आठवडे चमकतो कशावर?

मुख्यतः निकेल-५६ वर. स्फोटाच्या उष्णतेत हलकी मूलद्रव्यं जळून हे किरणोत्सारी निकेल बनतं. सुमारे सहा दिवसांत त्यातलं निम्मं कोबाल्ट-५६ होतं. कोबाल्टचं अर्धायुष्य ७७ दिवसांचं, आणि शेवटी लोखंड. या क्षयातून सुटणारी ऊर्जा पसरणाऱ्या द्रव्यात अडकते आणि हळूहळू प्रकाश होऊन बाहेर येते. १९८७ चा प्रसिद्ध अतिनवतारा एका सूर्याच्या सुमारे ७ टक्के निकेलवर चमकला होता. गॅमा स्फोटांबरोबरच्या अतिनवताऱ्यांत हे प्रमाण त्याच्या कित्येक पट असतं.

मग अतिनवतारा लगेच का दिसत नाही?

दोन कारणं एकदम काम करतात. तो स्वतः शिखराला पोचायला दोन-तीन आठवडे घेतो, आणि सुरुवातीला उत्तरदीप्ती त्याला झाकून टाकते. दिवाळीत अनार पेटलेला असताना शेजारची पणती दिसत नाही. अनार ओसरला की ती तिथेच असल्याचं कळतं, तसं. उत्तरदीप्ती साधारण ठरावीक नियमाने मंदावत जाते. निरीक्षक तेजाचा आलेख काढत राहतात आणि एक दिवस तो उतरता आलेख अडखळतो, थोडा वर येतो, मग पुन्हा उतरतो. हा उंचवटा म्हणजे अतिनवतारा. २६ मार्च १९९८ च्या स्फोटाच्या आलेखात असा उंचवटा साधारण तीन आठवड्यांनी दिसला होता.

स्फोट दूरचा असेल तर उंचवटा लालसर होतो, उशिरा येतो आणि इतका मंद की मोठ्या दुर्बिणींनाच दिसतो. त्यामुळे हजारो स्फोट नोंदले गेले असले तरी वर्णपटासकट पक्के झालेले अतिनवतारे काही डझनांतच आहेत. म्हणून अतिनवतारा नव्हताच, असा निष्कर्ष काढताना फार जपावं लागतं.

प्रत्येक अतिनवताऱ्यातून असा स्फोट का येत नाही?

एक कारण दिशेचं. झोताची रुंदी काही अंशांचीच असते, त्यामुळे बहुतेक झोत आपल्याला चुकवून जातात. पण सगळं दिशेवर ढकलता येत नाही. झोत बाजूला गेला असला, तरी पुढे तो मंदावून पसरतो आणि त्याचा रेडिओ प्रकाश आपल्यापर्यंत यायला हवा. अशा शोधांत हायड्रोजन गमावलेल्या अतिनवताऱ्यांपैकी एखादाच टक्का इतका वेगवान निघाला. म्हणजे बहुतेक ताऱ्यांत असा झोत बनतच नाही. झोतासाठी ताऱ्याने वरचे थर गमवायला हवेत, पण फिरण्याचा वेग टिकवायला हवा. वारा जोरदार असेल तर दोन्ही जातात. लोखंडासारखी जड मूलद्रव्यं कमी असलेल्या ताऱ्यांत वारा दुबळा असतो, आणि खरोखरच हे स्फोट बहुधा लहान, जड मूलद्रव्यांत गरीब असलेल्या दीर्घिकांत सापडतात.

यांच्या मधलेही प्रकार आहेत. १८ फेब्रुवारी २००६ चा स्फोट सुमारे ४५ कोटी प्रकाशवर्षांवर झाला. तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ मंदपणे चालला आणि पाठोपाठ एसएन २००६एजे उगवला. त्यात गॅमा किरणांबरोबर तापलेल्या पृष्ठभागाची उष्णताही दिसली. ताऱ्याच्या कडेला पोचलेल्या धक्क्याचा तो उजेड, असा अर्थ अनेकांनी लावला. एसएन २००९बीबीची गोष्ट आणखी वेगळी: त्यातलं द्रव्य प्रकाशाच्या वेगाजवळ पळत होतं, पण गॅमा स्फोट कोणी नोंदवला नाही. त्या अभ्यासात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा वाटा होता.

'दोन सेकंदांचा नियम' म्हणजे काय, आणि तो खरा आहे का?

१९९३ मध्ये कॉम्प्टनच्या नोंदींतून दिसलं की स्फोटांचे दोन गट पडतात: दोन सेकंदांहून छोटे आणि मोठे. पुढे कारणंही ठरत गेली. मोठे म्हणजे कोसळणारा तारा आणि अतिनवतारा. छोटे म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आणि किलोनोव्हा, म्हणजे जड मूलद्रव्यं बनवणारं, लवकर विझणारं लालसर तेज. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरी आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी आलेला छोटा स्फोट, दोन्ही एकत्र पकडले गेले आणि छोट्यांची बाजू पक्की झाली. पाठ्यपुस्तकात घालायला सोयीचं चित्र तयार झालं.

पण तडे आधीच पडले होते. १४ जून २००६ चा स्फोट शंभर सेकंदांच्या वर चालला आणि होता जवळचा, सुमारे १६० कोटी प्रकाशवर्षांवर. सगळ्या दुर्बिणी अतिनवताऱ्याची वाट पाहत राहिल्या. तो आलाच नाही. असता तर १९९८बीडब्ल्यूच्या शंभरपटीहून मंद असायला हवा होता. तेव्हा काहींनी म्हटलं की तारा कोसळला पण सगळं द्रव्य कृष्णविवराने गिळलं, निकेल बाहेरच पडलं नाही. ती शक्यता कागदावर आजही आहे. पण ११ डिसेंबर २०२१ ला सुमारे ५० सेकंदांचा एक स्फोट झाला, जेमतेम ११० कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्यामागून किलोनोव्हा दिसला. दीर्घ स्फोट, तरी टक्कर. ७ मार्च २०२३ च्या अतितेजस्वी दीर्घ स्फोटातही तेच, आणि तिथे जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण मिळाली.

नियम दुसऱ्या बाजूनेही मोडला. २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट जेमतेम सेकंदभराचा होता. घड्याळाप्रमाणे तो टकरीचा ठरायला हवा. पण काही आठवड्यांनी त्या जागी अतिनवताऱ्याचा उंचवटा आला. झोत ताऱ्याबाहेर कसाबसा पोचला आणि लगेच इंजिन बंद पडलं, असं त्याचं स्पष्टीकरण. वर दहा सेकंदांबद्दल लिहिलं ते इथे कामाला येतं: बाहेर दिसणारा वेळ म्हणजे इंजिन चाललेल्या वेळातून तारा फोडण्याचा वेळ वजा.

म्हणून मला आग्रहाने सांगायचंय की स्फोट किती सेकंद चालला यावरून ताऱ्याची जात ठरवू नका. पंधरा-वीस दिवसांनी त्या जागी काय उगवतं, किंवा काय उगवत नाही, ते पाहा. बातमी पहिल्या दिवशी छापून येते. ओळख पटते ती नंतर, जेव्हा बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. या क्षेत्रातलं खरं काम त्या निमूट आठवड्यांत होतं.

कोजागिरीच्या रात्री खरंच असा स्फोट झाला होता का?

झाला होता, आणि तोही आतापर्यंत नोंदलेल्या सगळ्यांत तेजस्वी. ९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी पौर्णिमा. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, आपल्याकडे सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला असताना, १९० कोटी वर्षं प्रवास करून आलेले गॅमा किरण पृथ्वीवर आदळले. फर्मी उपग्रहाची यंत्रं त्या माऱ्यापुढे काही काळ मोजणीच करू शकली नाहीत.

तेव्हा तो आकाशात कुठे होता, याचा हिशेब मी केला. शर नावाच्या छोट्या तारकासमूहात, विषुववृत्ताच्या सुमारे २० अंश उत्तरेला. त्या क्षणी इंदूरहून तो खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम पाच-सहा अंशांवर होता. घराघरांत मसाला दूध आटत होतं आणि विश्वातला सगळ्यात प्रखर नोंदलेला झोत आपल्या गच्चीच्या बरोबर वरून येत होता. गॅमा किरण वातावरणात वरच अडतात, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. पण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, म्हणजे आयनमंडलात, खळबळ माजली, आणि भारतातल्या वीज नोंदवणाऱ्या यंत्रांनाही त्याची चाहूल लागली.

असा स्फोट सुमारे १० हजार वर्षांतून एकदा पृथ्वीला दिसावा असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या स्फोटाचा अतिनवताराही तसाच मोठा असेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आकाशगंगेच्या धुळीआड आणि हट्टी उत्तरदीप्तीमागे तो कित्येक महिने झाकलेलाच राहिला. जेम्स वेब दुर्बिणीने जवळपास सहा महिन्यांनी वर्णपट घेतला तेव्हा तो सापडला, आणि निघाला अगदी साधा, १९९८बीडब्ल्यूसारखाच. सोन्यासारख्या जड मूलद्रव्यांची खूणही त्यात मिळाली नाही. झोताची ताकद आणि अतिनवताऱ्याचं तेज यांचा सरळ हिशेब नाही, हे यातून कळलं. त्या रात्रीची ही गोष्ट दर कोजागिरीला गच्चीवर मुलांना सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

असा स्फोट जवळ झाला तर आपल्याला धोका आहे का?

झोत थेट आपल्याकडे असेल आणि स्फोट आपल्याच आकाशगंगेत काही हजार प्रकाशवर्षांच्या आत असेल, तर ओझोनच्या थराला इजा होऊ शकते. पण आपली आकाशगंगा जड मूलद्रव्यांनी श्रीमंत आहे, त्यामुळे इथे असे स्फोट दुर्मीळ. मृगातला तांबडा काक्षी फुटेल तेव्हा काय, हे नेहमी विचारलं जातं. त्याच्याभोवती हायड्रोजनचं प्रचंड आवरण आहे. तो अतिनवतारा होईल, दिवसाही दिसेल, पण गॅमा झोताची भीती बाळगू नका.

नुसत्या डोळ्यांनी कधी दिसतो का?

एकदाच तशी नोंद आहे. १९ मार्च २००८ च्या स्फोटाची उत्तरदीप्ती काही सेकंद ५.३ प्रतीला पोचली, म्हणजे अंधाऱ्या जागी डोळ्यांना दिसेल इतकी, आणि अंतर होतं ७०० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त. आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते.

भारतात यावर काय काम होतं?

भरपूर, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं आहे. नैनितालच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीने १९९९ पासूनच उत्तरदीप्तींचा पाठलाग केला. आता जवळच देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे. लडाखमधल्या हानले इथे दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण, आणि शेजारी आयआयटी मुंबई आणि भारतीय तारा-भौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण. रात्रीबेरात्री इशारा आला की ती स्वतःच त्या दिशेला वळते. भारताचं रेखांश इथे मोलाचं ठरतं. युरोप आणि अमेरिकेत दिवस असताना आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे आलेखातली भोकं आपण भरतो. जीएमआरटीने २००३ च्या स्फोटाचं रेडिओ तेज दीर्घकाळ मोजलं.

अंतराळात २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला अ‍ॅस्ट्रोसॅट आहे. त्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाने चालू झाल्या दिवशीच, ६ ऑक्टोबरला, एक स्फोट पकडला, आणि पुढे पाचशेहून जास्त. पुण्याची आयुका आणि मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्था या उपकरणामागे आहेत. गॅमा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची कंपनं किती एकाच दिशेत आहेत ते, मोजायची त्याची क्षमता विशेष, कारण झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज त्यातून लागतो.

मुलीला यात शिकायचं आहे, इंदुरात सोय आहे का?

आहे. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र, खगोलभौतिकी आणि अंतराळ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. बारावीपर्यंत गणित आणि भौतिकी घट्ट करा, आणि संगणकावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लवकर बसवा, कारण आलेखातला उंचवटा शोधणं हे आता मोठ्या प्रमाणात संगणकाचं काम आहे. लहान असेल तर एखाद्या रविवारी उज्जैनच्या वेधशाळेत घेऊन जा. सवाई जयसिंगांची ती यंत्रं अजून वेळ आणि क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंश) मोजून दाखवतात, आणि वर मी जे क्षितिजाचे हिशेब केले ते तिथे हाताने करता येतात.

नवीन काय चाललं आहे?

९ जानेवारी २०२४ ला चीनचा आइनस्टाइन प्रोब हा उपग्रह गेला. तो मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत मोठं आकाश एकदम पाहतो, म्हणून गॅमा किरणांत न दिसणारे दुबळे किंवा गुदमरलेले झोत त्याला सापडतात. १४ एप्रिल २०२४ च्या त्याच्या एका नोंदीमागे रुंद रेषांचाच अतिनवतारा, एसएन २०२४जीएसए, निघाला. जानेवारी २०२५ च्या एका नोंदीमागे एसएन २०२५केजी. यशस्वी झोत आणि आत विझलेला झोत यांच्यामधली जी जागा इतके दिवस रिकामी होती, ती भरायला सुरुवात झाली आहे.

आपल्याला घरबसल्या हे पाहता येईल का?

नासाच्या जीसीएन या जाळ्यावर प्रत्येक स्फोटाची सूचना आणि पाठोपाठ जगभरच्या निरीक्षकांच्या छोट्या टिपा प्रसिद्ध होतात. त्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात. सुरुवातीला भाषा अवघड वाटेल. पण एक जवळचा स्फोट निवडा, ज्याचं अंतर १०० ते ३०० कोटी प्रकाशवर्षांत आहे असा, आणि त्याच्या टिपा महिनाभर वाचत राहा. पहिल्या दिवशी नुसत्या जागा आणि प्रती येतील. मग अंतर. मग काही दिवस 'मंदावत आहे' एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर्णपटात रुंद रेषा दिसल्याची टीप आली, तर एक तारा कोसळल्याची खातरी तुम्हालाही जगाबरोबरच मिळालेली असेल.